छपरीतली तेहेतीस गोपद्मं

शके अठराशे एकोणतीसच्या वैशाखात आम्ही धारेहून देवासला बिऱ्हाड आणलं. खंडोजीरावांच्या घरातल्या दोन खोल्या, आणि एक दमणी नि दोन बैल राहतील एवढी परसात जागा, असं बोलणं झालं होतं. जागेचं बोलणं यांनी मुद्दाम केलं होतं. यांना कचेरीत काम लागलं तेच मुळी या अटीवर, की दसऱ्यानंतर पीपलरावां या कसब्याच्या बाजूची गावं स्वतःच्या गाडीनं फिरून पिकांची पाहणी लिहायची. ज्याला गाडी-बैल नाहीत त्याला ते काम नाही. दमणी सासरची होती. बैलजोडी, कैऱ्या आणि धवळ्या, माझ्या भावानं, गोपाळदादानं, धारेच्या गोठ्यातून सोडून दिली. दावं हातात देताना तो म्हणाला होता, "कुसुम, यांचे पाय तेवढे जप. बाकीचं बैल आपलं आपण बघतो."

खंडोजीराव पूर्वी पागेत होते. आम्ही त्यांना मामासाहेब म्हणायचो आणि त्यांच्या कुटुंबाला जानकीमामी. जागा दाखवायला मामासाहेब स्वतः आले. वैशाखाच्या उन्हात परसातली जमीन टणक झालेली, वर कडुनिंबाची सावली. त्यांनी जोड्याची टाच आपटून दाखवली.

"दगड आहे दगड, मोरोपंत. एक सोडून दोन गाड्या उभ्या करा."

हे खूश झाले. मीही झाले. धारेची माणसं आम्ही, पावसाळ्यात ती जमीन कशी होते हे विचारायचं सुचलं नाही.

आषाढात त्या दगडाचा चिखल झाला. मागच्या गल्लीचं सगळं पाणी भिंतीखालच्या मोरीतून आमच्या परसात यायचं आणि तिथंच बसायचं. दमणीची चाकं वीतभर खाली गेली. बैल रात्रंदिवस त्या चिखलात उभे. बसायचे नाहीत, कारण बसले की पोटापर्यंत बुडत.

मोरी बुजवावी म्हटलं तर तीही सोय नव्हती. देवास गाव एक, पण राज्यं दोन. आमचं घर थोरल्या पातीत आणि मागची गल्ली धाकट्या पातीत. हे एका ठिकाणी विचारायला गेले, तर तिथला कारकून म्हणाला, "पाणी त्यांचं आहे, त्याला आम्ही कसं अडवावं?" दुसऱ्या ठिकाणी गेले, तर तिथले म्हणाले, "भिजते ती जमीन त्यांची. आम्हाला काय त्याचं?" हे घरी येऊन पगडी खुंटीला लावून म्हणाले, "दोन राज्यांमधे आपले बैल बुडणार बहुतेक."

मग हे मामासाहेबांशी बोलायला बसले. मी आत तांदूळ निवडत होते, सगळं ऐकू येत होतं.

"मामासाहेब, आमचे बैल उभे आहेत तिथं बदकं पोहायला लागलीत."

"मग बदकं पाळा. आमची हरकत नाही."

"आपण जागा देतो म्हणाला होता."

"दिली की. परत मागितली का मी?"

"ती जागा वापरता येत नाही."

"चार महिने नाही येत. आठ महिने येते. पंत, वर्षातले आठ महिने सुखाचे मिळाले तर माणसानं देवाचे आभार मानावेत."

"मग चार महिने आमची दमणी पुढच्या छपरीत राहू दे."

"आणि माझी गाडी? ती काय माळ्यावर चढवू?"

ही छपरी दरवाज्यातून आत आलं की उजव्या हाताला होती. वर कौलं, खाली चोपून केलेली कोरडी जमीन, भिंतीला गव्हाण. तिथं मामासाहेबांची मोठी गाडी आणि त्यांचे दोन बैल असत. त्यातला एक बाशिंग्या. कपाळावर मुंडावळ्या बांधल्यासारखा पांढरा पट्टा, म्हणून ते नाव. त्याची आई तो आठ दिवसांचा असताना गेली होती. जानकीमामींना मूलबाळ नव्हतं. त्यांनी बोळ्यानं दूध पाजून त्याला वाढवला होता. अजूनही त्या हाक मारायच्या तेव्हा तो खाणं सोडून मान वळवायचा.

आषाढी एकादशीला माझं गोपद्मांचं व्रत सुरू झालं. पाच वर्षांचा संकल्प होता, त्यातलं हे पाचवं. गाईच्या पावलांची तेहेतीस चित्रं रोज रांगोळीनं काढायची, हळदकुंकू वाहायचं, तेहेतीस नमस्कार घालायचे, ते कार्तिकी एकादशीपर्यंत. तुळशीपाशी काढायची, देवळात काढायची, नाहीतर गोठ्यात. शिवाय चातुर्मासात आवाज चढवायचा नाही आणि कुणाला उणं बोलायचं नाही, हा माझा दुसरा नेम. तोही मी पाळला. पुष्कळदा वाटतं, त्यापेक्षा तोंडानं भांडले असते तर बरं होतं.

पाच-सात दिवसांनी कैऱ्या लंगडायला लागला. हे खाली बसून त्याचा खूर हातात घेऊन बघत होते. खुराच्या बेचक्यातली कातडी पांढरी, ओल्या कागदासारखी सुटलेली.

"दसऱ्याला हा चालला नाही तर काम गेलं समज," हे म्हणाले. माझ्याकडे न बघता, अगदी हळू.

त्या दुपारी मामासाहेबांचा गाडीवान मानाजी गाडी घेऊन शेतावर गेला होता. छपरी रिकामी होती. मी आत जाऊन पावलाला पाऊल लावून मोजलं. मोठ्या गाडीला सगळी छपरी लागत होती. आमची दमणी अरुंद. डाव्या भिंतीशी अडीच पावलांची पट्टी सोडली तरी दमणी आणि बैल बरोबर मावत होते. कोणी बघितलं नाही. मी दोनदा मोजलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मानाजी गाडी घेऊन निघाला तशी मी छपरी झाडली, डाव्या भिंतीशी शेणानं सारवलं आणि तेहेतीस गोपद्मं तिथं काढली. तीन ओळी, एकेका ओळीत अकरा. हात जराही हलला नाही. इतकी सुबक गोपद्मं पाच वर्षांत माझ्या हातून उमटली नव्हती.

दुपारी गाडी परत आली. दरवाज्यात चाकं थांबल्याचा आवाज आला, मग मानाजीचा.

"मामीसाब, जरा इकडे या तो. इथं मांडणे मांडलेत. गाडी कुठं घालू?"

जानकीमामी हात पुसत आल्या. त्यांनी गोपद्मं बघितली आणि पदर सावरून आधी नमस्कार केला.

"वहिनी, तुमची का ही?"

"हो मामी. तुळशीपाशी ओल फार आहे. रांगोळी फुटते. नेमाला बाधा येते."

यातला शब्दही खोटा नव्हता. तुळशीपाशी ओल होतीच. म्हणून तर म्हणताना जीभ अडखळली नाही.

"बरं केलंत. गोठ्यात काढलेली जास्त चांगली म्हणतात." मग त्या मानाजीला म्हणाल्या, "चाक नेऊ नकोस त्यावरून. मागं ने गाडी."

"मागं? मामीसाब, मागं तो तलाव आहे."

"ने म्हटलं ना. गाईच्या पावलांवरून चाक न्यायचं आणि तोंड कुठं दाखवायचं?"

मामासाहेब आवाज ऐकून बाहेर आले. छपरीत बघितलं, माझ्याकडे बघितलं. ते पागेतले होते, जागा कशी घेतात हे त्यांना शिकवायला नको होतं.

"किती दिवस आहे हे?" त्यांनी विचारलं.

"कार्तिकी एकादशीपर्यंत," मी म्हटलं.

"उत्तम. मोरोपंतांना पंधरा दिवसांत जमलं नाही ते तुम्ही चिमूटभर रांगोळीत केलंत."

"अहो, व्रताबद्दल असं बोलू नये," जानकीमामी म्हणाल्या. आणि मला हळूच म्हणाल्या, "मनावर घेऊ नका वहिनी. पुरुषांना कळत नाही. आणि तुमची दमणी आणा की इथं. पट्टी सोडून मावेल ती. मोकळी जागा कशाला ठेवायची?"

हे मला मागावंही लागलं नाही.

संध्याकाळी यांनी दमणी छपरीत आणली. बैल कोरड्यात उभे राहिले आणि थोड्या वेळानं दोघंही बसले, पाय पोटाशी घेऊन. यांनी काही विचारलं नाही. जेवताना फक्त म्हणाले, "तुझ्या देवाला आपली काळजी आहे." त्या दिवशी मी दुसऱ्यांदा भात घेतला नाही.

कैऱ्याचा पाय श्रावणात बरा झाला.

पोळ्याला सगळ्या गल्लीतले बैल रंगवून, शिंगांना बेगड लावून निघाले. मामासाहेबांचा एकच बैल निघाला. बाशिंग्या पुढचा डावा पाय टेकतच नव्हता. जानकीमामींनी परसात पाट टाकून, चिखलात उभं राहून त्याला ओवाळलं. त्यांच्या लुगड्याचा काठ काळा झाला होता. पुरणाची पोळी त्यांनी त्याच्या तोंडाशी धरली. त्यानं ती खाल्ली आणि त्यांचा हात चाटत राहिला.

मामासाहेब ओट्यावरून यांना म्हणाले, "पंत, तुमची जोडी झकास दिसते. मिरवा. आमचा यंदा घरीच पोळा."

हे खाली मान घालून जोडी घेऊन गेले. परत आल्यावर मला म्हणाले, "त्यांना छपरी परत देऊन टाकू का?"

मी म्हणायला हवं होतं, हो. मी म्हटलं, "व्रत चालू आहे." आणि हेही खोटं नव्हतं.

रोज सकाळी गोपद्मं काढताना मागून आवाज यायचा. जानकीमामी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं बाशिंग्याचा खूर धूत असायच्या, मोरचूद लावायच्या, फडकं बांधायच्या. तासाभरात फडकं चिखलात. मग पुन्हा सोडायचं, पुन्हा बांधायचं. माझे तेहेतीस नमस्कार होईपर्यंत त्यांचं चालायचं. एकदा मी नमस्कार मोजता मोजता विसरले आणि पुन्हा पहिल्यापासून घातले. पुन्हा विसरले.

नवरात्राच्या आधी मी यांना म्हटलं, मी धारेला जाऊन येते. यांनाही दसऱ्यानंतर निघायचंच होतं, मग दमणीही इथं राहणार नव्हती. माझ्या मनात होतं की मी नसले, गोपद्मं नसली, दमणी नसली, म्हणजे बाशिंग्या आपसूक छपरीत येईल. मला काही सांगावं लागणार नाही. माझं व्रत माझ्याबरोबर धारेला येईल. निघताना मानाजी दरवाज्यात उभा होता. "आता छपरीत बैल बांध," एवढं म्हणायला काय लागत होतं? पण तसं म्हटलं असतं, तर इतके दिवस का म्हटलं नाही हे आलंच असतं. मी गाडीत बसले.

धारेला दादाच्या गोठ्यात मी गोपद्मं काढायची. दादा दूध काढता काढता विचारायचा.

"बैल कसे आहेत आमचे?"

"चांगले आहेत."

"आणि जागा? मोरोपंतांनी लिहिलं होतं, चिखल फार म्हणून."

"मिळाली नंतर. कोरडी."

"मालक बरे दिसतात मग."

"फार बरे आहेत," मी म्हटलं आणि उठून आत गेले. वहिनीला वाटलं, मला माहेर सोडायचं वाईट वाटतंय. तिनं माझ्यासाठी अनारसे केले.

कोजागिरीला मी परत आले. हे पीपलरावांच्या बाजूची गावं फिरायला गेले होते, म्हणून दमणी नव्हती, बैल नव्हते. दरवाज्यातून आत आले आणि आधी छपरीकडे बघितलं. छपरी रिकामी होती. गव्हाण रिकामी. डाव्या भिंतीशी जमीन सारवलेली, आणि त्यावर त्याच दिवशीची गोपद्मं. वेडीवाकडी. काही कोंबडीच्या पायांसारखी, काही नुसते ठिपके. तीन ओळी, अकरा-अकरा.

जानकीमामी मागच्या दारातून आल्या. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"आलात? बरं झालं. आता तुमचं तुम्ही सांभाळा. मला काही तुमच्यासारखी येत नाहीत."

"मामी, ही तुम्ही काढलीत?"

"तुम्ही गेलात आणि माझ्या लक्षात आलं, पाचवं वर्ष आहे. नेमाची जागा मोकळी कशी ठेवायची? पहिल्या दिवशी एकोणतीसच झाली. मग पुन्हा मोजली. देव समजून घेईल की नाही?"

"मी धारेला काढत होते मामी. नेम माणसाबरोबर जातो."

"असं का," त्या म्हणाल्या. थोडा वेळ रांगोळीकडे बघत राहिल्या. "आमच्याकडे हे व्रत नाही ना, मला कुठलं ठाऊक."

"आणि बाशिंग्या?"

"मागं आहे. परवापासून उठत नाही. इकडं बांधायचा म्हटलं तर लंगडा बैल, पडता-उठता याच्यावर लोळला असता."

मी मागं गेले. तो चिखलात कुशीवर पडला होता, पाय लांब करून. पुढचा डावा खूर एका बाजूनं सुटला होता आणि त्यात किडे वळवळत होते. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. जानकीमामी माझ्या मागून आल्या तेव्हा कान हलवला.

मी तशीच फिरले, छपरीत आले, खाली बसले आणि दोन्ही तळव्यांनी ती गोपद्मं पुसायला लागले.

"अहो वहिनी, हे काय करता?" जानकीमामींनी माझं मनगट धरलं.

"सोडा मामी. हे व्रत नव्हतं. मला जागा हवी होती."

"कसली जागा?"

"ही. कैऱ्याचा पाय बिघडला होता. यांचं काम जाईल म्हणून मी आदल्या दिवशी इथं येऊन मोजून गेले. तुम्ही गाईच्या पावलांवरून चाक नेणार नाही, हे मला माहीत होतं. म्हणून काढली. तुळशीपाशी कोपऱ्यात कोरडं होतं, तिथं निघाली असती."

त्यांनी माझं मनगट सोडलं. माझ्या तळव्यांना रांगोळी आणि शेण लागलं होतं. मग त्यांनी मानाजीला हाक मारली.

"चार माणसं बोलाव. बाशिंग्याला इथं आणायचा आहे."

घोंगडीवर घालून त्याला छपरीत आणला. उरलेल्या गोपद्मांवरून माणसांचे पाय गेले, घोंगडी गेली. जानकीमामींनी तिकडे बघितलं नाही. मीही उठून पाला उकळायला ठेवला. पाणी घेऊन गेले तर त्यांनी तांब्या घेतला, पण मला खूर धुऊ दिला नाही.

कार्तिकी एकादशीपर्यंत त्या माझ्याशी लागेल तेवढंच बोलल्या. मी गोपद्मं तुळशीच्या कोपऱ्यात काढत होते. संकल्पाचं पाचवं वर्ष मी धरलं नाही, उद्यापन केलं नाही. पण द्वादशीला त्यांना हळदकुंकवाला बोलावलं आणि येतील असं वाटत नसताना त्या आल्या. ओटी घेतली. नारळ पदरात सारखा करत म्हणाल्या,

"वहिनी, वैशाखात जागा दाखवायला मीच सांगितलं होतं ह्यांना. म्हटलं, पाऊस लागल्यावर दाखवली तर कोणी बिऱ्हाड करणार नाही."

त्यांना वाटलं असेल, हे ऐकून मला हलकं वाटेल. त्यांचं ओझं त्यांनी सांगितलं, पण माझ्यातलं त्यानं काही कमी झालं नाही. त्यांनी बैल चिखलात बांधायला गाईची पावलं वापरली नव्हती.

हे परत आल्यावर मी यांनाही सगळं सांगितलं. हे सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मला पोळ्याला कळलं होतं. मीही गप्प बसलो." दुसऱ्या दिवशी कैऱ्याला सोडून मामासाहेबांच्या ओट्यापाशी नेऊन उभा केला.

"हा काय प्रकार?" मामासाहेब म्हणाले.

"तुमच्या एका बैलाला जोडी नाही. गावालगतच्या टेकडीच्या पायथ्याशी मुरूम आहे. परसात हातभर भर घातली तर मोरीचं पाणी आपोआप दुसरीकडे जाईल. आपल्याच भिंतीच्या आत आहे, कुठल्या राज्याला विचारायला नको."

मामासाहेब कैऱ्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. "हे आषाढात का नाही सुचलं तुम्हाला?"

"आपल्याला तरी कुठं सुचलं?"

"आपण भांडत होतो ना," मामासाहेब म्हणाले आणि मानाजीला गाडी जुंपायला सांगितली.

बाशिंग्या वाचला. महिन्याभरानं उठला, पण पुन्हा जू त्याच्या मानेवर आलं नाही. मुरमाच्या कोरड्या जागेत आता दोन्ही गाड्या उभ्या राहतात आणि छपरी त्याला एकट्याला आहे.

पुढच्या आषाढात मी व्रत पुन्हा धरलं, पहिल्या वर्षापासून. जानकीमामी आपण होऊन म्हणाल्या, छपरीतच काढा, त्याच्यासमोर. मी काढते. सारवलेल्या ओल्या जमिनीवर बाशिंग्या पाय टाकतो तेव्हा पुढच्या डाव्या खुराचा ठसा अर्धाच उमटतो. तो ठसा मी पुसत नाही. त्याला वळसा घालून माझी ओळ वाकडी होते, आणि तशीच राहते.